फ्लॉरेन्समधलं लग्न रंगवायचंय? स्थळ शोधण्यापासून वरातीच्या पुढेपर्यंत, टप्प्याटप्प्याने

काही वर्षांपूर्वी एका एकांकिकेच्या रंगीत तालमीला बसले होते. काळ १४६०च्या आसपासचा, गाव इटलीतलं फ्लॉरेन्स. दिवे लागले तेव्हा पांढऱ्याशुभ्र झग्यातली नवरी, समोर पाद्री, मागे चर्चची घंटा आणि ‘आता तुम्ही पतिपत्नी झालात’ हे वाक्य. मुलांनी जीव ओतून काम केलं होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. त्या दृश्यातलं जवळजवळ काहीच त्या गावात, त्या काळी तसं होत नव्हतं. पैसेवाल्या घरातली नवरी लाल-किरमिजी मखमलीत दिसायची. अंगठी घालताना पाद्री हवाच असा नियम नव्हता, तिथे लागायचा तो नोटरी. आणि ‘आता झालं’ म्हणावं असा एकच एक क्षण तर नव्हताच.

हा शेवटचा मुद्दा आधी पक्का करून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मुहूर्तावर अक्षता पडल्या की लग्न लागलं, ही आपल्या मनातली कल्पना थोडा वेळ बाजूला ठेवा. पंधराव्या शतकातल्या फ्लॉरेन्समध्ये लग्न लागत नसे, ते महिनोन्महिने, कधी दीडदोन वर्षं, पायरीपायरीने पुरं होत जाई. प्रत्येक पायरीवर कोण हजर असायचं, कोण नसायचं आणि किती पैसा हलायचा हे ठरलेलं होतं. कथा, नाटक, कादंबरी लिहिणाऱ्यांना आणि संग्रहालयातली त्या काळची चित्रं नीट बघू इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडावं म्हणून मी त्या पायऱ्या इथे क्रमाने मांडते आहे. प्रबोधनकाळातलं लग्न म्हणून सगळ्या युरोपात एकच पद्धत नव्हती. मी फ्लॉरेन्सच निवडलं, कारण तिथले व्यापारी घरातला पैन्‌पै हिशेब वह्यांत लिहून ठेवत आणि त्या वह्या, पत्रं आजही वाचायला मिळतात.

सुरुवातीला: वर्ष, तारीख, घराणं

लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी कागदावर उतरवा.

पहिली, वर्ष. फ्लॉरेन्सचं नवं वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे जुन्या वहीत ‘जानेवारी १४४७’ असं दिसलं तर आपल्या हिशेबाने ते जानेवारी १४४८ असतं. १ जानेवारी ते २४ मार्च या पट्ट्यातली प्रत्येक तारीख तपासून घ्या. तासही सूर्यास्तापासून मोजत, म्हणजे ‘रात्रीचा दुसरा तास’ हा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगळ्या वेळी पडे.

दुसरी, वयं. १४२७ साली शहराने कराच्या आकारणीसाठी घराघराची मोजदाद केली. तिला ‘कातास्तो’ म्हणतात. तीवरून शहरातली मुलगी साधारण सतरा-अठराव्या वर्षी लग्न करून जाई आणि नवरा तिशीच्या आसपासचा असे, असं दिसतं. बारा वर्षांचं हे अंतर विसरू नका. दोघं एकमेकांच्या बरोबरीचे तरुण म्हणून रंगवले की सगळा तोल बदलतो.

तिसरी, घराणं. इथे सांगितलेला पूर्ण थाट व्यापारी आणि वरच्या घरांचा आहे. कारागिरांकडे क्रम तोच, पण पायऱ्या कमी आणि एकमेकांत मिसळलेल्या असत.

पायरी १: हुंडा, आणि तोही मुलगी खेळण्यातल्या वयाची असताना

गोष्ट इथून सुरू होते, प्रेमापासून नाही. १४२५ मध्ये फ्लॉरेन्सच्या सरकारने ‘मोंते देल्ले दोती’ नावाचा हुंडा-निधी काढला. बापाने मुलीच्या नावावर ठेव ठेवायची, सुरुवातीला मुदत साडेसात किंवा पंधरा वर्षांची, आणि लग्न झालं की वाढलेली रक्कम नवऱ्याला मिळायची. शहर तेव्हा युद्धाच्या खर्चाने कर्जबाजारी झालं होतं. सरकारला रोकड हवी होती आणि बापांना हुंड्याची सोय, असा तो मेळ. पहिली काही वर्षं लोक बिचकत होते, कारण मुलगी दगावली तर ठेव बुडायची. १४३३ मध्ये नियम बदलला, मुलगी गेली तर मूळ रक्कम परत मिळू लागली आणि मग मात्र लोकांनी रांगा लावल्या. ठेव ठेवताना मुलगी साधारण पाच वर्षांची असायची.

लेखकासाठी यात एक फार मोठी गोष्ट दडलेली आहे. मोंतेतले पैसे नवऱ्याच्या हातात पडायला अंगठी पुरत नसे, पतिपत्नी एकत्र राहायला लागल्याशिवाय ते सुटत नसत. पुढच्या पायऱ्यांवर कोण घाई करतंय आणि कोण वेळ काढतंय, हे बरेचदा या एका अटीवरून कळतं. १४७०च्या दशकाच्या अखेरीपासून मोंतेला पूर्ण रक्कम एकदम देणं झेपेना. तुमची कथा त्या वर्षांतली असेल तर जावयाच्या कपाळावर आठी असायला हरकत नाही.

हुंड्याचे आकडे सतत चढत होते. व्हेनिसने तर १४२० मध्ये १६०० डुकाटची (डुकाट म्हणजे तिथलं सोन्याचं नाणं) कमाल मर्यादाच घातली होती. फ्लॉरेन्सचा फ्लोरिन म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचं नाणं. त्यामुळे हजार फ्लोरिन हुंडा वाचलात की डोळ्यांसमोर साडेतीन किलो सोनं आणा, आपल्या जुन्या मापाने सुमारे ३०० तोळे.

पायरी २: स्थळ शोधणं आणि मुलगी बघणं

मध्यस्थ असायचा. त्याला ‘सेन्साले’ म्हणत, आणि लोकर, रेशीम यांचे सौदे जुळवणाऱ्या दलालालाही हाच शब्द होता. तो दोन्ही घरी जा-ये करी, आकडा कुठवर ताणता येईल ते चाचपून बघे. शिवाय नातेवाईक, व्यवसायातले भागीदार आणि मोठ्या घराण्यातले आश्रयदाते असत. शहराची सूत्रं हाती असलेल्या मेदिची घराण्याच्या कानावर गोष्ट घातल्याशिवाय बऱ्याच सोयरिकी पुढे सरकत नसत.

मुलगी बघायला चहापोह्यांचा कार्यक्रम नव्हता. मुलगी घराबाहेर दिसायची ती प्रार्थनेला, म्हणून बघायचं ते चर्चमध्ये, न सांगता. हे काम बायकांचं. इथे मला अलेस्सांद्रा माचिंगी स्त्रोत्सी या बाईंबद्दल थोडं सविस्तर सांगू द्या, कारण त्यांची पत्रं वाचल्यापासून हा काळ मला परका वाटत नाही. स्त्रोत्सी घराण्यातली ही विधवा. मोठा मुलगा फिलिप्पो हद्दपारीमुळे नेपल्समध्ये, आणि त्याच्यासाठी मुलगी शोधायची जबाबदारी आईवर. ऑगस्ट १४६५ मध्ये ती त्याला लिहिते, की रविवारी पहाटे पहिल्या मिसाला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, ती शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये गेली. आधीही काही सणांच्या सकाळी गेली होती, आदिमारी घराण्यातली मुलगी तिथे येते म्हणून. त्या दिवशी नेमकी तानाल्यी घराण्यातली मुलगी आलेली. कोण आहे हे कळायच्या आतच अलेस्सांद्रा तिच्या शेजारी जाऊन बसली. चेहरा लांबट, कांती फार नाजूक नाही, पण खेडवळही वाटत नाही. मिसा संपल्यावर बाई तिच्या मागून चालत राहिली, आणि चालण्यावरून, नजरेवरून पोरगी काही झोपाळू दिसत नाही असा शेरा लिहिला. चालण्यावरून मुलीची कामाची उरक ओळखणारी ही नजर आपल्याकडच्या कुठल्याही मावशी-आत्याची असू शकते.

(तानाल्यीकडचं पुढे फिसकटलं. फिलिप्पोचं लग्न १४६६ मध्ये झालं ते फियाम्मेत्ता आदिमारीशी.)

दुसरं असंच पत्र मार्च १४६७चं. लुक्रेत्सिया तोर्नाबुओनी, म्हणजे लोरेन्झो दे मेदिचीची आई, रोमला क्लारिचे ओर्सिनीला बघायला गेली आणि नवऱ्याला कळवलं: उंची चांगली, रंग गोरा, वागणं गोड, पण आपल्या मुलींइतकं नाही. केस सोनेरी नाहीत, तांबूसकडे झुकणारे. हात लांब, निमुळते. मान आपल्या मुलींसारखी ताठ ठेवत नाही, थोडी पुढे झुकवते. रोमच्या बायका अंग झाकून घेतात, त्यामुळे काही गोष्टी नीट दिसल्या नाहीत हेही ती मोकळेपणाने सांगते.

प्रसंग लिहिताना हेच धरा: पहाटेचा अंधार, दगडी फरशीचा गारवा, प्रार्थनेच्या पुस्तकाआडून चाललेलं निरीक्षण. मुलीला आपण पाहिले जातोय हे माहीत असेलही, नसेलही. तिला विचारलेलं मात्र काही नाही.

पायरी ३: हातावर हात

बोलणी जुळली की दोन्हीकडचे पुरुष भेटत आणि हात मिळवत. या पायरीचं नावच ‘इम्पाल्मामेंतो’, तळहातावर तळहात. अटींची एक चिठ्ठी लिहून ती मध्यस्थाकडे किंवा दोघांच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवली जाई. आपल्याकडच्या याद्यांची बैठक आठवा, फक्त आकार लहान आणि आवाज दबका. बातमी अजून गावभर झालेली नसते. इथून मागे फिरणं अशक्य नव्हतं, पण अब्रूला डाग लागे आणि दोन घराण्यांत वैर उभं राहू शके.

यानंतर मुलगा मुलीच्या घरी जेवायला जाऊ शके आणि दागिन्यांची छोटी पेटी पाठवू शके. कित्येकदा दोघांची पहिली भेट हीच. प्रसंगाला लाजाळू शांतता द्या, चोरटी मिठी नको. घरातली दहा माणसं त्याच खोलीत आहेत.

पायरी ४: शपथ

आता गोष्ट जाहीर होते. दोन्ही घराण्यांतले पुरुष जमत, बहुतेक वेळा एखाद्या चर्चमध्ये, कारण ती कुणाच्याच घरची जागा नाही. नोटरी अटी वाचून दाखवी: हुंडा किती, त्यातली रोकड किती, मोंतेतले किती, केव्हापर्यंत, भांडण झालं तर लवाद कोण. मुलीचा बाप किंवा भाऊ तिची संमती मिळवून देण्याचं वचन देई. ती स्वतः तिथे नसे. रंगमंचावर या दृश्यात एकही स्त्री ठेवू नका. नुसत्या पुरुषांच्या त्या घोळक्याने जे प्रेक्षकांपर्यंत पोचतं, ते संवादांनी पोचायचं नाही.

मधल्या काळात: कापड, मोती आणि पेटारे

शपथ आणि अंगठी यांच्या आगेमागे खरी धावपळ. अलेस्सांद्राच्या मोठ्या मुलीचं, कातेरीनाचं उदाहरण घेऊ, कारण त्यात हिशेब अगदी उघडा आहे. ऑगस्ट १४४७ मध्ये आई कळवते की मुलगी मार्को पारेंती या पंचवीस वर्षांच्या, एकुलत्या एक, रेशीम-व्यापारी मुलाला दिली. हुंडा १००० फ्लोरिन. त्यातले ५०० मोंतेतून मे १४४८ मध्ये सुटणार, उरलेले ५०० रोख आणि सामानाच्या रूपात ती सासरी जाईल तेव्हा. याहून वरचं, राजकारणात वजन असलेलं घर बघितलं असतं तर १४०० ते १५०० मोजावे लागले असते, आणि त्यात आपण दोघंही बुडालो असतो, असं ती मुलाला लिहिते. पोरीला सोळावं लागलंय, आता थांबायला वेळ नाही. लग्न करणाऱ्याला रोकड हवी असते, मोंतेची मुदत भरेपर्यंत थांबणारं कुणी भेटेना. आईची ही तगमग कुठल्याही काळातल्या वाचकाला कळते.

मार्कोने लग्न ठरताक्षणी किरमिजी रेशमी मखमलीचा झगा बेतायला टाकला. कापड त्याच्याच दुकानातलं, फ्लॉरेन्समध्ये सगळ्यात उंची. पिसांची आणि मोत्यांची शिरपेचासारखी माळ ८० फ्लोरिनची, तिच्याखाली मोत्यांच्या दोन वेण्या ६० किंवा अधिक. ती बाहेर पडेल तेव्हा अंगावर ४०० फ्लोरिनहून जास्तीचा ऐवज असेल, असं आई अभिमानाने लिहिते. हुंडा हजाराचा आणि नवऱ्याकडून चारशेचं कापड-दागिने, म्हणजे देणं-घेणं दुहेरी होतं. फक्त एक कळीचा फरक: नवऱ्याने चढवलेले कपडे-दागिने बायकोच्या मालकीचे होत नसत. काही वेळा दागिने उसने किंवा भाड्याने आणलेले असत, काही वेळा दोनतीन वर्षांनी मोती उसवून विकले जात. कथेत नवऱ्याने पेटी उघडून ‘ते दे परत’ म्हणावं, तर तो दुष्टपणा नव्हे, चालरीत होती.

मुलीकडून येणाऱ्या सामानाला ‘दोनोरा’ म्हणत. आपला रुखवत इथे आठवेल, पण हा रुखवत जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांकडून मोल करून घेतला जाई आणि एक भाग हुंड्यात धरला जाई. दुसरा भाग बिनमोलाचा, मुलीच्या जवळचा: सदरे, रुमाल, कंगवा, आरसा, सुयांची डबी, प्रार्थनेचं पुस्तक. काही याद्यांत बाळ येशूची सजवलेली बाहुलीही सापडते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी माहेराहून बाहुली घेऊन निघते, ती पूजेसाठी आणि बाळाच्या आशेसाठी. तुम्हाला एकच वस्तू रंगमंचावर ठेवता येणार असेल तर मी ही बाहुली सुचवेन.

आणि पेटारे. यांना आज ‘कास्सोने’ म्हणतात, तेव्हा ‘फोर्झिएरी’ म्हणत. ते जोडीने बनत. शतकाच्या मध्यापासून ते बहुधा नवऱ्याकडचे लोक करून घेत. अपोल्लोनियो दि जोव्हान्नी आणि मार्को देल बुओनो यांच्या कारखान्याच्या नोंदवहीत १४४६ ते १४६३ या काळातल्या अशा मागण्या टिपलेल्या आहेत, आणि गिऱ्हाइकांत शहरातली नामांकित घराणी आहेत. पेटाऱ्यावर चित्रं कसली? सबाइन स्त्रियांचं हरण, लुक्रेशियाची आत्महत्या, राणी एस्थर, सोशीक ग्रिझेल्दा. नव्या नवरीच्या खोलीत रोज डोळ्यांसमोर ही चित्रं. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात १४७२ मध्ये लोरेन्झो मोरेल्ली आणि वाज्जा नेर्ली यांच्या लग्नासाठी केलेली जोडी आहे, पाठीमागच्या रंगवलेल्या फळ्यांसकट. असे अखंड संच फार थोडे उरलेत. बोत्तिचेल्लीने १४८३ मध्ये जानोत्सो पुच्ची आणि लुक्रेत्सिया बिनी यांच्या लग्नानिमित्त रंगवलेल्या चार फळ्यांत तर नकार देणाऱ्या मुलीचा शिकारी कुत्र्यांकडून होणारा पाठलाग आहे. त्यातल्या तीन माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात आहेत. लग्नाच्या भेटीत हे चित्र पाहून अंगावर काटा येतो. पण त्या घरात ते सणाचंच चित्र होतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी लक्षात ठेवून लिहायला हवं.

पायरी ५: अंगठीचा दिवस

हा दिवस मुलीच्या घरचा, ‘अनेल्लामेंतो’. लग्नाच्या विधीत आता ती पहिल्यांदा समोर येते आणि पहिल्यांदाच बोलते. नोटरी दोघांना चर्चने ठरवून दिलेले प्रश्न विचारी, दोघं होकार देत, मग नोटरी मुलीचा उजवा हात धरून नवऱ्याकडे नेई आणि नवरा अंगठी घाली. भेटवस्तू, मग मुलीकडच्या खर्चाने जेवण. एवढ्या तयारीनंतर मुलीच्या वाट्याला आलेला शब्द एकच, ‘हो’.

पाद्री का नाही, हा प्रश्न हमखास येतो. चर्चच्याच कायद्यानुसार, दोघांनी वर्तमानकाळात ‘मी तुझा स्वीकार करतो’, ‘मी तुझा स्वीकार करते’ असं म्हटलं की विवाह खरा ठरे. १२१५च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, लग्नाआधी जाहीर पुकारा करा असं सांगितलं होतं, पण तसं न करता झालेलं लग्नही बांधून ठेवी. पाद्री आणि दोन-तीन साक्षीदारांशिवाय लग्नच नाही, हा नियम ट्रेंटच्या परिषदेने नोव्हेंबर १५६३ मध्ये केला. पोर्तुगालने हे ठराव १५६४ मध्ये स्वीकारले आणि १५६७ मध्ये गोव्यात पहिली प्रांतिक धर्मसभा भरली. गोव्यातल्या वाचकांना चर्चमधलं लग्न ज्या रूपात ओळखीचं आहे, तो साचा १५६३ नंतरचा. म्हणून कथेचं साल १५६३च्या अलीकडचं की पलीकडचं, यावर पाद्री असायलाच हवा की नाही ते ठरवा.

तोस्काना, म्हणजे फ्लॉरेन्सच्या आसपासच्या प्रांतातल्या मारिया-योसेफ (येशूचे आईवडील) विवाहाच्या चित्रांत योसेफच्या मागे एखादा तरुण मूठ उगारून उभा दिसतो. अंगठी घालताना नवरदेवाच्या पाठीत धपाटा घालायची रीत होती, तिचा तो माग. नाटकात हा धपाटा जरूर ठेवा, गंभीर प्रसंगात माणसं जिवंत होतात.

पायरी ६: वरात आणि जेवणं

अंगठीनंतर मुलगी लगेच सासरी जातेच असं नाही. काही आठवडे, काही महिने, कधी वर्षही मध्ये जाई. हुंड्याची रोकड जमलेली नसे, नवऱ्याची खोली सजवून व्हायची असे. काही जोडपी या काळात मुलीच्या माहेरीच एकत्र राहिलेलीही दिसतात. उपासाच्या काळात, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस आणि नाताळाआधीचे आठवडे, लग्नसमारंभांना चर्चची मनाई होती. तारीख निवडताना ते बघा.

मग ‘नोत्झे’, बहुधा रविवारी. नवऱ्याचे मित्र मशाली घेऊन येत आणि नवरी घोड्यावर बसून नटूनथटून गावातून सासरी जाई. शतकाच्या पहिल्या भागात रंगवलेले पेटारेही या मिरवणुकीत वाहून नेत. हे सगळं गावाने बघावं यासाठीच होतं, कारण लोकांनी पाहिलेली वरात हा लग्नाचा मोठा पुरावा.

श्रीमंती थाटाचा नमुना हवा असेल तर जून १४६६ घ्या. बेर्नार्दो रुचेल्लाई आणि लोरेन्झो दे मेदिचीची बहीण नान्निना यांचं लग्न. नवऱ्याच्या बापाने, जोव्हान्नीने, वाड्यासमोरच्या चौकात मोठा मंच घालून वर निळं छत ताणलं, हार आणि गुलाबांनी सजवलं. पंगतीला पाचशेपर्यंत माणसं आणि मुदपाकखान्यात पन्नास हात राबत होते. हे त्याने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलंय, आणि लिहिताना त्याची छाती फुगलेली शब्दांत दिसते. अशा नाचाची हवा पाहायची असेल तर फ्लॉरेन्सच्या अकादमी गॅलरीत स्केज्जाने १४५०च्या सुमारास रंगवलेली लांब फळी आहे, ‘आदिमारी कास्सोने’ या नावाने ओळखली जाणारी. पट्ट्यापट्ट्यांच्या छताखाली जोड्या हात धरून सावकाश पावलं टाकताहेत, वादक शिंगं फुंकताहेत, मागे बाप्तिस्मागृहाची भिंत.

ताटात काय? कोंबडा, वासराचं मांस, बदाम-साखरेच्या वड्या, आणि ‘कोन्फेत्ती’, म्हणजे बडीशेप किंवा बदामावर साखरेचा लेप दिलेल्या गोळ्या, आपल्या हलव्याच्या चुलतबहिणी. टोमॅटो, बटाटा, मिरची, मका चुकूनही ठेवू नका, ते सगळं अमेरिकेतून नंतर आलं. जेवणाची पानं किती आणि पाहुणे किती, कपड्यांवर मोती किती, यावर शहराचे कायदे होते आणि ते मोडल्यास दंड. लोक दंड भरत आणि थाट करत.

प्रेमाचं काय?

होतं, पण बहुतेक या रस्त्यावर नाही. फेब्रुवारी १४६९ मध्ये लोरेन्झो दे मेदिचीने सांता क्रोचेच्या चौकात भाल्यांचा खेळ भरवला, तो लुक्रेत्सिया दोनातीच्या नावाने. ती दुसऱ्याची बायको होती, आणि त्याचं स्वतःचं क्लारिचेशी लग्न दोनच महिन्यांपूर्वी रोममध्ये प्रतिनिधीमार्फत लागलं होतं. कविता आणि शौर्य एकीकडे, सोयरीक दुसरीकडे. लोरेन्झोने स्वतः नोंद केली: मी दोन्ना क्लारिचेला पत्नी म्हणून घेतलं, ‘किंवा असं म्हणू की ती मला देण्यात आली’, डिसेंबर १४६८ मध्ये, आणि ४ जून १४६९ला आमच्या घरी सोहळा केला.

प्रेमातून झालेलं लग्न लिहायचं असेल तर लुसान्नाची कथा बघा. शिंप्याची मुलगी, तागाच्या कापडवाल्याची विधवा. वरच्या घराण्यातल्या जोव्हान्नी देल्ला कासाने तिच्याशी १४५३ मध्ये घरातल्या घरात, एका ख्रिस्ती भिक्षूसमोर अंगठी घालून लग्न केलं आणि पुढे दुसरीशी जाहीर लग्न केलं. लुसान्ना गप्प बसली नाही. १४५५ मध्ये प्रकरण आर्चबिशप अंतोनिनो यांच्यापुढे गेलं आणि त्यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. रोमने नंतर तो फिरवला. अंगठी होती, शब्दही दिलेले होते, पण वरात नव्हती, नोटरीचा कागद नव्हता, हुंडा नव्हता. आधीच्या पायऱ्या कशासाठी होत्या, हे तिच्या खटल्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पायरी ७: वरातीनंतर

इथे बहुतेक लेखक थांबतात, आणि मला वाटतं इथेच सर्वांत चांगली सामग्री सुटते. सासरच्या बायका नव्या सुनेला अंगठ्या देत. त्या अंगठ्या तिच्याकडे कायमच्या राहत नसत. पुढे घरात दुसरी सून आली की ही तिला त्यातली एखादी देई. सासूच्या बोटातून सुनेच्या, तिच्या बोटातून धाकट्या जावेच्या, असं ते सोनं घरातल्या घरात फिरत राही.

नवविवाहितेच्या खांद्यावरची रत्नजडित पिन पहिली काही वर्षं मिरवायची. माद्रिदच्या थिस्सेन संग्रहालयात गिर्लांदायोने रंगवलेली जोव्हान्ना तोर्नाबुओनी बघा. १४८६ मध्ये लग्न, १४८८ मध्ये बाळंतपणात मृत्यू. चित्रात तिच्या जरीच्या झग्यावर नवऱ्याच्या नावातलं ‘ल’ हे अक्षर विणलंय, मागच्या फडताळात दागिना, प्रार्थनेचं पुस्तक, वर पोवळ्यांची माळ लटकलेली. लग्नात चढवलेल्या आणि माहेराहून आणलेल्या वस्तू अशा एका चौकटीत क्वचितच दिसतात.

आणि एक कागद. हुंडा हातात पडला की नवरा नोटरीपुढे पोच लिहून देई आणि शहराचा कर भरी. ही पोच बाईच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज, कारण नवरा आधी गेला तर हुंडा तिचा. मग माहेरचे भाऊ येत. वय कमी असेल तर तिला परत नेत, हुंड्यासकट, दुसऱ्या लग्नासाठी. मुलं मात्र बापाच्या घराण्याची, ती मागेच राहत. विधवेचा प्रसंग लिहायचा असेल तर खोलीत तीन गोष्टी ठेवा: दारात उभा भाऊ, मेजावर पोच, पायाशी मुलं.

अलेस्सांद्राचं लग्न १४२२ मध्ये झालं होतं, हुंडा १६०० फ्लोरिन. नवरा मात्तेओ १४३४ मध्ये हद्दपार झाला आणि पुढच्याच वर्षी पेसारोला वारला. ती तिशीच्या आतली. ती माहेरी परतली नाही, तिने दुसरं लग्न केलं नाही, मुलांना घेऊन फ्लॉरेन्समध्ये राहिली आणि स्वतःच्या हुंड्याच्या हक्कावर घर चालवलं. त्या घरातून तिने परगावच्या मुलांना लिहिलेली सत्तरहून अधिक पत्रं आज आपल्या हातात आहेत. कातेरीनाच्या हजार फ्लोरिनांचा हिशेबही त्यातल्याच एका पत्रात आहे.